आज बोध नाही

आमच्या घरमालकांना मालक म्हटलेलं आवडत नसे. "मालक वर आहे," ते आढ्याकडं बोट दाखवून म्हणत, "मी पण तुमच्यासारखाच भाडेकरू." त्यावर माझी आई एकदा म्हणाली, "मग वरच्या मालकांना तेवढं सांगा, आमच्या मोरीवरची कौलं फुटलीत." हे त्यांना इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवरच्या पाटीवर त्यांनी खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कौल फुटलं की वरच्याला सांगावं.' कौलं पुढं दोन वर्षं तशीच होती. त्यांच्या तोंडावर मी त्यांना काका म्हणत असे, पण पाठीमागं आम्ही सगळेच त्यांना मालक म्हणत राहिलो.

ती पाटी आज माझ्याकडं आहे. लाकडी चौकटीची, एक कोपरा फुटलेली, शाळेतल्या पोराकडं असायची तशी. नातवंडं विचारतात, ही कोणाची? मी सांगायला बसते आणि थोड्या वेळानं माझं मलाच कळेनासं होतं, की हा माणूस शहाणा होता की खुळा. आई शेवटपर्यंत खुळाच म्हणायची. मी तेव्हा तिच्याशी भांडायचे. आता भांडायला ती नाही, आणि कबूल करायचीही माझी तयारी नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही डोंबिवली. स्टेशनापासून दहा मिनिटं चाललं की वस्ती संपायची. तिथं मालकांचं घर होतं. पुढं लांबलचक ओटी, मागं विहीर, चिकूची दोन झाडं आणि तीन बिऱ्हाडं. मधल्या दोन खोल्यांत आम्ही. मालक कल्याणपलीकडच्या मोहने गावातल्या कारखान्यात टाइमकीपर होते. कारखान्याच्या दाराशी बसून कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचं, हे त्यांचं काम. स्वतः कधी मिनिटभर उशिरा गेले नाहीत. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि कोटाच्या खिशात ग्रामोफोनच्या पिनांची डबी. बायको फार पूर्वी गेलेली. घरात ते आणि त्यांची मुलगी कुसुम, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.

लोक सकाळी देवासमोर पोथी वाचतात. मालक अंघोळ करून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेल्या ग्रामोफोनला चावी देत, त्यावर एक फूल ठेवत आणि सिनेमातलं गाणं लावत. भक्तिगीत नव्हे हं. चांगलं नाचाचं, प्रेमाचं, रुसव्याफुगव्याचं गाणं. डोळे मिटून ऐकत, आणि मग त्या गाण्यातून निघालेला 'बोध' पाटीवर लिहून पाटी ओटीच्या खांबाला अडकवत. आम्ही सगळे स्टेशनाकडं पळता पळता तो वाचायचो.

एका गाण्यात नायिका झोपाळ्यावर बसून सख्यांना हसत होती. पाटीवर आलं, 'झोका घेण्याआधी दोर पाहावा.' एका गाण्यात टांगेवाला घोड्याला गोंजारत सासुरवाडीला चालला होता. त्या दिवशी पाटीवर होतं, 'लगाम हातात आहे, पण घोडा कोणाचा?' एकदा तर हॉटेलात नाचणाऱ्या बाईचं गाणं लागलं. ती प्याला भर म्हणत होती. आई पदर कानावर ओढून बाहेर आली. "भाऊजी, देवासमोर हे?" मालकांनी पाटी पुढं केली. 'रिकाम्या प्याल्यातच भरतात.' आईनं ती वाचली आणि आत येऊन मला म्हणाली, "या माणसाला गाढवाचं ओरडणं ऐकवलं तरी तो त्यात वेदान्त काढील."

नुसत्या गाण्यावरच भागत नसे. स्टोव्हच्या भोकात पिन घालून ज्योत निळी झाली की ते हरखून म्हणत, "बघ, कचरा निघाला की रंगच बदलतो." विहिरीच्या रहाटावर बोध, शर्टाच्या तुटलेल्या गुंडीवर बोध, भिंतीवरून पडलेल्या पालीवरसुद्धा बोध. मी मॅट्रिक होऊन ठाण्याच्या एका मुलींच्या शाळेत नोकरीला लागले होते. दिवसभर मुलींना सुविचार लिहायला लावायचे आणि घरी आल्यावर पुन्हा हेच. कधी कधी असा संताप यायचा, की वाटे या घरात कोणी एक वाक्य सरळ बोलेल तर शपथ.

आणि त्यांचा एक नियम होता. तो नीट सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं. तबकडीला दोन बाजू असतात. मालक एका वेळी एकच बाजू लावत. ती रोज ऐकायची, पचेपर्यंत. पचली असं त्यांना वाटलं, की मगच तबकडी उलटायची. एक बाजू पचायला आठ दिवस लागत, अवघड असली तर पंधरा. तोवर दुसऱ्या बाजूवर काय आहे ते त्यांना कोणी सांगायचंही नाही. "भाकरी एका बाजूनं भाजल्याशिवाय कोणी उलटतं का?" ते विचारत.

"आणि वेळेवर उलटली नाही तर करपते, भाऊजी," आई म्हणायची.

"वा!" ते म्हणत. तेही पाटीवर जायचं.

आता या माणसावर माझी माया का होती ते सांगते. आम्ही तिथं राहायला गेलो त्याच वर्षी माझे वडील गेले. तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि घरात मी आणि आई दोघीच उरलो. आई तेरा दिवस रडली नव्हती, बोललीही नव्हती. पोळ्या लाटत होती, भांडी घासत होती, विचारलं तर मान हलवत होती. चौदाव्या दिवशी सकाळी मालकांनी ग्रामोफोन उचलून आमच्या उंबऱ्याशी आणून ठेवला आणि एक गाणं लावलं. कुठल्या तरी विनोदी नटाचं, अर्थ नसलेल्या शब्दांचं, मधेच कोंबड्यासारखं आरवणारं. मी तर थक्क झाले. घरात सुतक नुकतं फिटलेलं, आणि हे काय? पण तो नट तिसऱ्यांदा आरवला तेव्हा आईच्या तोंडून हसू फुटलं. एकदम, खळ्ळकन. आणि त्याच हसण्यातून ती रडायला लागली, ती दुपारपर्यंत रडत होती. मालक ग्रामोफोन उचलून घेऊन गेले. मी बाहेर येऊन पाटी पाहिली. तिथं लिहिलं होतं, 'आज बोध नाही.'

कुसुम त्यांच्यासारखी नव्हती. सरळ बोलायची, भरभर चालायची. ग्रामोफोनच्या पिना आणायचं काम तिचं. कल्याण स्टेशनबाहेर किशन नावाच्या एका सिंधी तरुणाचं ग्रामोफोनदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. फाळणीनंतर आलेली ती मंडळी, विठ्ठलवाडीपलीकडं निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकींत राहणारी. पिना आणता आणता जे व्हायचं ते झालं. कुसुमनं काही लपवलं नाही. एका सकाळी गाणं संपल्यावर बापासमोर उभी राहून तिनं सांगितलं, "बाबा, मी किशनशी लग्न करणार आहे. तुम्ही हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

मालक म्हणाले, "मला पचू दे."

तिनं आठ दिवस वाट पाहिली. पंधरा पाहिली. ते रोज कामावर जात, परत येत, बोध लिहीत, आणि या विषयावर चकार शब्द नाही. रागावलेही नव्हते, हे मी शपथेवर सांगते. नुसते गप्प. सोळाव्या दिवशी ती दोन पातळं पिशवीत घालून गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं गं." तिनं लग्न केल्याचं आम्हाला नंतर कळलं.

पुढं तीन-चार महिन्यांनी टपालानं एक पुठ्ठ्याचं पार्सल आलं. पत्ता कुसुमच्या हातचा होता. डोंबिवलीतल्या 'ड'ला लांब शेपटी काढायची तिची लहानपणापासूनची सवय, त्यावरून मी लांबूनच ओळखलं. आत तिच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली एक तबकडी होती. चिठ्ठी नाही, काही नाही. एकच लांब गाणं दोन भागांत, भाग पहिला या बाजूला आणि भाग दुसरा त्या बाजूला.

मालकांनी हात धुऊन पहिला भाग लावला. त्यात एक बाई गात होती. दाराची कडी काढून ठेवली आहे, कोनाड्यात दिवा आहे, गेलेलं माणूस येईल, मी उठून कुठं जाणार नाही, माझं वाट पाहणंच त्याला घेऊन येईल, असं काहीसं. मालकांचे डोळे भरून आले. "तिनं सांगितलं बघ," ते मला म्हणाले. "दार उघडं ठेवा, वाट पाहा. मुलगी शहाणी आहे माझी." आणि पाटीवर लिहिलं, 'वाट पाहावी.'

आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. बाजू काही पचेना. रोज सकाळी तेच गाणं आणि पाटीवर तेच दोन शब्द. त्यांनी सुताराला बोलावून पुढच्या दाराची कडीच काढून टाकली. दार रात्रंदिवस सताड उघडं. कुत्री आत येऊन झोपायची. एकदा शेजारची शेळी येऊन त्यांचं वाळत घातलेलं धोतर अर्धं खाऊन गेली. एकदा विहिरीकडून धामण आली आणि देव्हाऱ्याखाली वेटोळं करून बसली. मालक तिच्यासमोर बसून गाणं ऐकत होते. आईनं बाहेरून हातातलं तांब्याभर पाणी फेकलं तेव्हा कुठं ती गेली.

असं तीन वर्षं चाललं. हसू नका, वाट पाहणं हा संसर्ग आहे. मलाही तो झाला. शाळेत मला कायम करतील म्हणून मी तोंड मिटून वाट पाहत बसले. शेवटी एकदाचं केलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अगं, तू विचारलं असतंस तर गेल्याच वर्षी केलं असतं. मला वाटलं, तुझं लग्न ठरतंय."

जवळच्या पाड्यावरून एक आगरी भाजीवाली येत असे. ओटीशी टोपली टेकवून ती मालकांची थट्टा करायची. एकदा तिनं विचारलं, "बाबा, ह्या दार उघराच का ठेवलाव?"

"माणूस यायचंय."

"हाक मारलीव का?"

"हाक कशाला? दार उघडं आहे की."

"माजी टोपली पन उघरीच हाय. उघरी टोपली बगून कोन येतं का? हाक मारायाच लागतं, बाबा."

मालक खूश झाले. त्या दिवशी तीन वर्षांत प्रथमच पाटीवर नवीन काही आलं. 'हाक मारावी.' मला वाटलं, पडला एकदाचा प्रकाश! मी विचारलं, "मग मारणार का, काका?"

"रोज मारतो गं," ते देव्हाऱ्याकडं बघून म्हणाले. "ऐकणारा तो आहे."

आई आतून पुटपुटली, "सगळं देवाला लावतात. घराला काही लावत नाहीत." दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा 'वाट पाहावी.'

आता माझा गुन्हा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ठाण्याच्या एका मैत्रिणीकडं गेले होते. तिचं घर कोलशेतच्या रस्त्याला. तिच्या दिरानं बायकांसाठी ग्रामोफोन लावला होता आणि मालकांचंच गाणं लागलं. रोज ऐकून ते मला पाठ झालेलं. संपल्यावर त्यानं सहज तबकडी उलटली.

दुसऱ्या भागात पुरुष गात होता. तो त्याच घराबाहेर उभा होता. दिवा दिसतोय, म्हणत होता, दार उघडं आहे तेही दिसतंय. पण उघडं दार वाऱ्यासाठीही असतं आणि वाटसरूसाठीही. मला नावानं कोणी बोलावलेलं नाही. एक हाक मार, मी इथंच उभा आहे.

माझ्या हातातलं तिळगुळाचं ताट तसंच राहिलं. कुसुमनं काय पाठवलं होतं ते तेव्हा मला कळलं. आणि तरी मी घरी येऊन मालकांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. नियम होता म्हणून? की एवढा विचार करणाऱ्या माणसाला हे आपोआप उमगेल असं वाटलं म्हणून? की त्यांना ते ठाऊकच असेल आणि मुद्दाम उलटत नसतील, अशी शंका आली म्हणून? तिन्ही खरं असेल. मी वाट पाहत राहिले, एवढंच.

त्याच वर्षीचे गणपती नुकतेच झाले होते. रविवारी सकाळी मालकांच्या पिना संपल्या आणि जेवणं झाल्यावर त्यांनी मला कल्याणला पाठवलं. किशनच्या दुकानाकडं मी तीन वर्षं फिरकले नव्हते, पिना दुसरीकडून घेत असे. उगाच कोणाला वाईट वाटायला नको. त्या दिवशी मात्र त्याच रस्त्यानं गेले, आणि बघते तर दुकानावरचा फलक उतरवलेला, आत सामान बांधलेलं, आणि कडेवर दीड वर्षाचं मूल घेऊन कुसुम एका खोक्याला सुतळी आवळत होती.

"अगं, तू?" ती उठली. वाळली होती, पण हसणं तेच. "बरं झालं भेटलीस. आम्ही चाललो. यांच्या मामांनी कटनीला दुकान बघून दिलंय. आज चारची मेल."

तिनंच विचारलं, "बाबा ती तबकडी ऐकतात का गं?"

"रोज."

"रोज?" ती खाली बसली. सुतळीला आणखी एक गाठ मारली. "मग झालं तर. रोज ऐकूनही हाक मारावीशी वाटत नसेल, तर मी तरी किती दिवस दाराकडं बघत बसू?"

मालकांनी दोन्ही बाजू ऐकल्या असं ती समजत होती. खरं सांगायचं तर तिथंच सांगता आलं असतं. पण मला आठ महिन्यांपासून ठाऊक आहे हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? "चारची ना? तू जाऊ नकोस... म्हणजे जा, पण थांब," असं काहीतरी बरळून मी पळत सुटले.

घरी पोचले तेव्हा मालक जुन्याच पिनेनं पहिला भाग लावून बसले होते. आवाज घरघरत होता. मी चपला न काढता आत गेले, पिन उचलली, तबकडी काढली आणि उलटी करून ठेवली.

"अगं अगं, हे काय करतेस?"

"ऐका," मी ओरडले. मालकांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "काका, आता नुसतं ऐका."

त्यांनी ऐकलं. गाणं संपलं. पिन मधल्या कोऱ्या जागेत खरखरत राहिली. ते म्हणाले, "पुन्हा लाव." मी चावी देऊन पुन्हा लावली. "अजून एकदा." घड्याळात अडीच वाजले होते आणि मी त्यांना तिसऱ्यांदा ऐकू दिलं, कारण त्यांच्या तोंडाकडं बघून मला नाही म्हणवेना.

"तुला ठाऊक होती ही बाजू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे तूही वाट पाहत होतीस," ते म्हणाले. रागावून नाही, नेहमीच्या आवाजात. मला मुस्कटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

मग त्यांनी सवयीनं पाटी मांडीवर घेतली आणि खडू शोधू लागले. मी पाटी हिसकावून घेतली. तिचा कोपरा तेव्हाच फुटला. "बोध नंतर लिहा हो," मी म्हटलं, "ती चारच्या गाडीनं कायमची चाललीय."

टोपी घालायचीही त्यांना आठवण राहिली नाही. कल्याणला उतरलो तेव्हा मेल पलीकडच्या फलाटाला लागलेली होती. आम्ही पूल ओलांडून धावत गेलो. आयुष्यभर दुसऱ्यांचा उशीर लिहिणारा माणूस माझ्यापुढं धापा टाकत होता. मालक एकेका खिडकीत डोकावू लागले.

"काका, असं नाही सापडणार. हाक मारा."

"इतक्या लोकांत?"

"इतक्या लोकांतच!"

ते थांबले. तोंड उघडलं, आवाज फुटेना. इतकी वर्षं त्यांच्या वतीनं ग्रामोफोनच बोलत आला होता. मग एकदम, सगळा फलाट वळून बघेल अशा आवाजात त्यांनी हाक मारली, "कुसे!"

चौथ्या डब्याच्या खिडकीतून कुसुमचं डोकं बाहेर आलं. "बाबा?"

ते खिडकीशी गेले, गजांना धरून उभे राहिले. एवढ्या वर्षांनी भेटलेल्या मुलीशी काय बोलावं? ते म्हणाले, "आज दुसरी बाजू ऐकली."

"आज?"

"दुपारी. तीनदा."

तिनं माझ्याकडं पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडं. "म्हणजे तीन वर्षं तुम्ही..."

"पहिली पचत नव्हती गं."

कुसुमनं कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. डब्यातले लोक बघायला लागले. "अहो बाबा, मी धरलं आठ दिवस, फार तर पंधरा! सोळाव्या दिवसापासून मी दाराशी बसत होते हो," असं म्हणता म्हणता तिचं हसू कधी मोडलं ते कळलं नाही. किशननं मागून मुलाला उचलून खिडकीशी आणलं. "नाना हैं, बेटा, नमस्ते करो." मुलानं गजांतून हात काढून मालकांचा चष्मा ओढला. तो सोडवेपर्यंत शिट्टी झाली. गाडी हलली, आणि कुसुम डोळे पुसत म्हणाली, "या कधीतरी."

परतीच्या गाडीत ठाकुर्ली आल्यावर मालक म्हणाले, "'या कधीतरी' म्हणाली. ही हाक झाली, की उघडं दार झालं?"

खरं म्हणजे मलाही कळलं नव्हतं. आपण दारातल्या पाहुण्यालाही 'या कधीतरी' म्हणतो. मी म्हटलं, "हाक. 'बाबा, या' म्हणाली."

"'बाबा' आधी म्हणाली. 'या' म्हणताना नाही म्हणाली." टाइमकीपर होते शेवटी.

"म्हणाली. तुम्ही चष्मा सोडवत होतात. 'बाबा, दिवाळीला या', असं म्हणाली."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना खरं वाटलं की नाही, देव जाणे. "दिवाळीला?" "दिवाळीला," मी म्हटलं. आठ महिने खरं दाबून ठेवलं होतं, आता धडधडीत खोटं बोलले. एकानं दुसरं फिटतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी आल्यावर त्यांनी फुटक्या कोपऱ्याची पाटी घेतली आणि लिहिलं, 'आज बोध नाही.'

कटनीचा पत्ता मी किशनच्या कॅम्पातल्या शेजाऱ्यांकडून आणून दिला, आणि दिवाळीच्या आधी त्यांनी कारखान्यातून रजा काढली. सुतार बोलावून दाराला कडी परत बसवली, कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या हातात दिली. ग्रामोफोन आणि ती एक तबकडी बरोबर घेतली. पाटी मला दिली. आईनं लाडवांचा डबा दिला आणि ते वळताच माझं मनगट धरून विचारलं, "तिनं खरंच बोलावलंय ना गं?"

"हो," मी म्हटलं. मग पंधरा-वीस दिवस मला अन्न गोड लागलं नाही. इतक्या लांब, ऐन सणात, न बोलावलेला बाप दाराशी उभा राहिला आणि जावयाच्या मामांनी तोंड फिरवलं तर? कुसुमनंच विचारलं, तुम्ही कसे, तर? ते काय सांगतील? बिऱ्हाडातली पोर खोटं बोलली, असं?

एक दिवस पोस्टमननं कार्ड टाकलं. आईनं आधी वाचलं. मालकांच्या पाटीवरच्यासारख्या मोठ्या अक्षरांत तीनच वाक्यं होती. 'सुखरूप पोचलो. दार बंद होतं. मी हाक मारली.'

"आणि पुढं?" आई म्हणाली. "हा माणूस कधी सरळ सांगेल तर! पुढं काय झालं?" आईनं कार्ड माझ्यापुढं केलं. "अगं बघतेस काय, उलट की."

मी कार्ड उलटलं. त्या बाजूला मजकूर नव्हता, नुसता आमचा पत्ता होता. आणि डोंबिवलीतल्या 'ड'ला लांब शेपटी होती.